नये

सातपूर सर्कलपासून आत, दुसऱ्या गल्लीत
बोडके शेठची परमिट रूम.
दुपारी तीनला खुर्च्या टेबलांवर पालथ्या,
फरशीला फिनेलचा वास
आणि त्या वासाखाली कालची रात्र
अजून बसलेली, बिल न देता.

शेठ म्हणाले, अंबादास, पाटी कर.
साहेब येऊन गेले. लहानच कर, नियमापुरती.
लाल कशाला? भिंतीत मिसळेल असा रंग घे.
बत्तीस वर्षं पेंटर मी,
दिसू नये अशी पाटी
पहिल्यांदाच मागितली कुणी.

खडूनं दोन रेघा आखल्या.
येथे धूम्रपान.
धूचा ऊकार काढताना हात आपोआप सैल सुटतो,
वळतो, लांबत जातो,
ब्रश थोपवावा लागतो.
तेवढ्यात कानामागची बिडी खाली पडली.
उचलली, परत कानामागे.
बघत होता फक्त निवृत्ती गांगुर्डे,
खुर्च्या उतरवता उतरवता.

एकोणीस वर्षं ट्रे वाहतोय.
ओठाला कधी लावली नाही, त्र्यंबकच्या नाथांची आण.
सिव्हिलला डॉक्टरनं फोटो उजेडात धरला,
विचारलं, दिवसाला किती?
म्हणाला, साहेब, बावीस टेबलं.

हे त्यानं हसत सांगितलं
आणि हसण्याचा खोकला झाला.

तसा खोकला मला पाठ आहे.
सिन्नरला आई बिड्या वळायची.
मांडीवर सूप, सुपात जर्दा,
भिजवलेली पानं पत्र्याच्या मापानं कापून
हजार पुरे होईतो मान वर नाही.
कारखान्यात मुकादम छाट काढायचा,
जेवढी छाट तेवढी मजुरी कमी.
माझा पहिला ब्रश त्या हजारातून आला.
तिनंही कधी ओढली नाही.
रात्री तोंडात पदर कोंबून खोकायची,
आम्ही उठू नये म्हणून.

शेठ गल्ल्यापाशी हिशोब सांगत होते:
ओढणारा तासभर जास्त बसतो,
बसला की एक क्वार्टर जास्त.
आणि अंबडची पोरं शिफ्ट सोडून येतात, त्यांना काय सांगू?
मशीनवर बारा तास ऐकलेलं असतं,
बसू नये, बोलू नये, हात घालू नये.
इथं दोन झुरके तरी घेऊ देत की!

ते मला पटलं.
हीच पंचाईत आहे माझी, मला सगळ्यांचंच पटतं.
आईच्या गल्लीत अजून सुपं घेऊन बसलेल्या बायका,
त्यांच्याकडे पाठ करून कुठली पाटी रंगवू?

मग शेठ म्हणाले, दुसरीही कर.
धूम्रपान कक्ष, आणि बाण.
फॅमिली रूमला काच लावतोय. धूर तिकडे, माणसं इकडे.
मी विचारलं, काचेपलीकडे ट्रे कोण नेणार?
शेठनी नुसतं निवृत्तीकडे पाहिलं.

करू लिहून झालं होतं, नये राहिलं होतं.
नका हा हुकूम. नये म्हणजे
हात न लावता कुणाला बाजूला करणं.
मी लाल डबा उघडला.
आखलेल्या रेघा सोडून, वर-खाली,
मापाच्या दुप्पट काढलं.
शेठ ओरडले. म्हटलं, पैसे एका पाटीचेच द्या.
बाण खडूतच राहू दिला.

बाहेर पायरीवर बसलो. बिडी काढली.
दोरा घट्ट, टोक नीट मुडपलेलं,
कुणाच्या हातची असेल?
वारा आतल्या बाजूला होता.
उठलो, रस्ता ओलांडला,
पंक्चरवाल्याच्या जुन्या टायरवर टेकलो,
काडी ओढली.

तिथं त्याचा पोऱ्या ट्यूब पाण्यात बुडवून
बुडबुडे शोधत होता. दहा-अकराचा असेल.
मान वर करून माझ्याकडे बघत राहिला.

काडी बोटांपर्यंत आली
तरी मी ती तशीच धरून.